उन्हाचा किनारा, पाण्याचा हिशेब

'मोसम' हा शब्द आपल्या घराघरांत आहे. आंब्याचा मोसम, लग्नांचा मोसम, मोसमी पाऊस. शब्द मूळचा अरबी. 'मौसिम' म्हणजे वर्षातला ठरलेला काळ. अरबी समुद्रावर गलबते हाकणारे खलाशी ठरावीक वाऱ्यांच्या काळाला हाच शब्द वापरत आणि पुढे तोच 'मान्सून' होऊन युरोपच्या भाषांत शिरला. आपल्याकडे मोसम म्हटला की जूनचा पाऊस डोळ्यांपुढे येतो. या महिन्यात मात्र आपण अशा एका किनाऱ्याची ओळख करून घेणार आहोत, जिथे जून लागला की पाऊस निघून जातो आणि सप्टेंबरपर्यंत सहसा तोंड दाखवत नाही.

हा किनारा स्पेनच्या पूर्वेचा, भूमध्य समुद्रावरचा. व्हॅलेन्सिया शहरापासून दक्षिणेला आलिकांते आणि एल्चेपर्यंतचा. पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत याचे वर्णन एका ओळीत संपते: बाराही महिने ऊन. ते खोटे नाही. पण ऊन तिथे फुकट मिळते, पाणी मिळत नाही. त्या मुलखातले वर्षभराचे जगणे, शेती, सण, जेवणाच्या वेळा, सगळे पाण्याच्या हिशेबावर उभे आहे. हा हिशेब घालून देण्यात हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि तो विसरला तर काय होते हे 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जगाने पाहिले.

ऊन का, आणि पाऊस का नाही

उन्हाळ्यात अटलांटिक महासागरावरचा जास्त दाबाच्या हवेचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागावर झाकणासारखा बसतो. झाकणाखालची हवा वर उठत नाही, म्हणून ढग धरत नाहीत. हिवाळ्यात हाच पट्टा दक्षिणेला सरकतो आणि अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांना वाट मिळते. कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा हे भूमध्य हवामानाचे सूत्र ते असे.

व्हॅलेन्सियाच्या वाट्याला मात्र हिवाळी पाऊसही पुरता येत नाही. पश्चिमेकडून येणारे वारे स्पेनच्या मधल्या पठारावर आणि डोंगरांवर आपले पाणी टाकून येतात. घाटमाथ्यावर बदाबदा कोसळणारा पाऊस पलीकडे माणदेशात उतरेपर्यंत जसा आटतो, तसाच हा प्रकार. व्हॅलेन्सियात वर्षाचा पाऊस सुमारे 450 मिलिमीटर, आलिकांते आणि एल्चेच्या बाजूला 300 च्या आसपास. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात व्हॅलेन्सियाच्या वर्षाच्या पावसाच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो.

जानेवारीतही तिथे दुपारचे तापमान 16-17 अंश असते, रात्री स्वेटर पुरतो. ऑगस्टमध्ये दुपार 30 च्या थोडी वर, समुद्राचे पाणी 26 अंशांच्या जवळ आणि हवेत आपल्याला ओळखीचा वाटेल असा दमटपणा. सकाळ चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि अंग निवते. पण कधी कधी वारा फिरतो आणि पठारावरून पश्चिमेचा कोरडा वारा उतरतो. त्याला तिथे 'पोनिएन्ते' म्हणतात. मग काही तासांत शहराची भट्टी होते. 10 ऑगस्ट 2023 रोजी व्हॅलेन्सियाच्या विमानतळावर 46.8 अंशांची नोंद झाली. अशा दिवसांत डोंगरातल्या जंगलांना वणवे लागतात.

बारा महिन्यांची रीत

वर्षाची सुरुवात आपण थंडीपासून करू. जानेवारीच्या अखेरीस आलिकांतेच्या मागच्या दऱ्यांत बदामाची झाडे फुलतात. पान एकही नाही आणि झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेले. हेच दिवस संत्र्यांच्या तोडणीचे. खरे तर तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि वाणामागून वाण तयार होत मे महिन्यापर्यंत चालते. हातात छोटी कात्री घेऊन देठ कापायचा, फळ ओढायचे नाही. रात्री दव जास्त पडले किंवा पावसाची सर आली तर फळ सुकेपर्यंत तोडणी बंद, कारण ओले फळ पेटीत कुजते. या बागांत राबणाऱ्यांत मोरोक्कोहून आलेले बरेच मजूर असतात. पाऊस पडला तर बागवान खूश असतो, पण रोजंदारीवरच्या मजुराचा तो दिवस बुडतो.

मार्चमध्ये व्हॅलेन्सियाचा मोठा उत्सव असतो, 'फायास' नावाचा. चौकाचौकांत लाकूड-कागदाचे भव्य पुतळे उभे करतात आणि 19 मार्चच्या रात्री जाळून टाकतात. दुपारी दोन वाजता फटाक्यांच्या आवाजाने शहर हादरते. ही त्यांची वसंताची खूण. एप्रिलमध्ये संत्र्याच्या बागा फुलतात आणि गावेच्या गावे त्या वासाने भरून जातात. या फुलाला स्पॅनिशमध्ये 'आसाआर' म्हणतात. तो अरबी 'अज़-ज़हर', म्हणजे फूल. संत्र्याला म्हणतात 'नारांखा'. संस्कृतातले नारंग, फारसीतले नारंग, अरबीतले नारंज आणि आपली नारंगी हे एकाच झाडाचे नाव. झाड आपल्या बाजूने पश्चिमेला गेले आणि जाताना नावही सोबत घेऊन गेले.

मे महिन्यात शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा सरोवराभोवतीच्या खाचरांत पाणी सोडून भात पेरतात. आल्बुफेरा म्हणजे 'अल-बुहैरा', छोटा समुद्र. भाताला ते 'आरोस' म्हणतात, तो अरबी 'अर-रुज़'. कापणी सप्टेंबरमध्ये. मग नोव्हेंबरपासून तीच खाचरे पुन्हा पाण्याने भरतात आणि त्यांत परदेशातून येणारी बदके, बगळे उतरतात. भातावरून आठवले, तिथला प्रसिद्ध 'पाएया' कोंबडी आणि सशाचे मांस घालून मोठ्या पसरट कढईत शिजवतात. आपल्यापैकी कुणी तिकडे गेले तर मांस कुठले, हे विचारूनच ताट समोर घ्यावे. उन्हाळ्यातले 'ओर्चाता' मात्र निर्धास्त प्यावे. आल्बोराया गावच्या वाळूमिश्रित जमिनीत वाटाण्याएवढे गोड कंद पिकतात. ते भिजवून, वाटून, गाळून साखर घातलेले हे गार दूध असते. त्यात ना दारू, ना जनावराचे काही.

जून ते ऑगस्ट समुद्राचे दिवस. पण किनाऱ्यावरचा माणूस दुपारी दोन ते पाच घराबाहेर पडत नाही. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, छोटी दुकाने बंद. जेवणे रात्री दहाला, मुले अकरा वाजताही चौकात खेळताना दिसतात. जूनमध्ये घड्याळात साडेनऊ होतात तेव्हा मगरिब होते. रमजान अशा दिवसांत आला तर रोजा जवळपास सतरा तासांचा, आणि डिसेंबरात आला तर अकरा तासांच्या आसपास. आपल्याकडे ऋतू बदलला तरी दिवसाची लांबी एवढी हलत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले खरे पावसाचे महिने. त्याबद्दल पुढे लिहितो आहोत. नोव्हेंबर-डिसेंबरात एल्चेच्या खजुरी उतरतात. एल्चेत सुमारे दोन लाख खजुरीची झाडे आहेत. दहाव्या शतकाच्या अखेरीस मुस्लिम वसाहतकारांनी पाटांसह ही वाडी आखली आणि 2000 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. उंच खजुरीच्या सावलीत डाळिंब, त्याखाली भाजीपाला किंवा चारा अशी तीन मजल्यांची ही शेती. वरचा मजला ऊन अडवतो, म्हणून खालची माती ओली राहते. जिथे वर्षाला 300 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे ऊन अडवणे म्हणजेच पाणी वाचवणे.

गुरुवारची अदालत

एवढ्या पावसात भात, संत्री आणि भाजीपाला पिकतो कसा? उत्तर आहे तुरिया नदी आणि तिच्यावरचे आठ मोठे पाट. नदीवर ठिकठिकाणी बुटके बंधारे घातले आहेत. बंधाऱ्याला ते 'आसुद' म्हणतात, तो अरबी 'अस-सुद्द'. त्यातून निघणारा पाट 'आसेकिया', तो अरबी 'अस-साकिया'. पाटाला फाटे फुटतात तिथे दगडी पाचर बसवून पाणी विभागले आहे. कुणाला किती लिटर, असा हिशेबच नाही. नदीत जेवढे येईल त्याचा ठरलेला हिस्सा. नदी भरून वाहिली तर सर्वांना भरपूर, आटली तर सर्वांना तेवढ्याच प्रमाणात कमी. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे, जमीन सोडून तो विकता येत नाही. एल्चेत मात्र परंपरा वेगळी. तिथे पाणी जमिनीपासून वेगळे मानले जाई आणि त्याचा लिलाव होई. एकाच किनाऱ्यावर दोन रीती जगल्या. जिथे टंचाई जास्त तिथे पाणी बाजारात गेले.

व्हॅलेन्सियातले भांडण मिटवायला दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याची अदालत भरते. आठ पाटांचे आठ पंच, सगळे शेतकरी, आपापल्या पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडलेले. अंगात काळा झगा. शिपाई एकेका पाटाचे नाव पुकारून विचारतो, कुणावर तक्रार आहे का? या शिपायाला 'आल्ग्वासिल' म्हणतात. मूळ शब्द 'अल-वज़ीर'. ज्याने पाळी मोडून पाणी घेतले, पाट घाण केला किंवा शेजाऱ्याच्या शेतात पाणी घुसवले, तो उभा राहतो. वकील नाही, लेखी अर्ज नाही, सगळे तोंडी. ज्या पाटाची तक्रार, त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. निकाल तिथेच लागतो आणि त्यावर अपील नाही. स्पेनच्या आजच्या कायद्यानेही या अदालतीला मान्यता दिली आहे, आणि 2009 मध्ये युनेस्कोने मुर्सियाच्या अशाच पंचायतीसह तिची मानवी वारसा म्हणून नोंद केली. कित्येक गुरुवारी एकही तक्रार नसते आणि अदालत काही मिनिटांत उठते. तिचे यश त्यातच आहे.

परंपरेनुसार या अदालतीची सुरुवात कुर्तुब्याच्या खिलाफतीच्या काळात, 960 साली मानली जाते. 1960 मध्ये तिची हजार वर्षे साजरी झाली. जिथे आज कॅथेड्रल आहे तिथे पूर्वी शहराची जामा मशीद होती. जुम्याच्या आदल्या दिवशी मशिदीच्या दाराशी भांडणे मिटवायची, ही रीत पुढे तशीच राहिली असे सांगतात. 1238 मध्ये आरागॉनचा राजा जाउमे याने शहर घेतले. पुढच्याच वर्षी त्याने पाट नव्या मालकांना दिले आणि पाणी मुसलमानांच्या वेळी जसे वाटले जात होते तसेच वाटावे, असे ठरवून दिले. राज्य बदलले तरी पाण्याची पाळी मोडून चालणार नव्हते, एवढे त्याला कळत होते.

या मागचा विचार आपल्या फिकहच्या पुस्तकांत आहे. तिथे पाण्याचे दोन हक्क वेगळे केले आहेत: तहानेचा हक्क आणि शेतीला पाजण्याचा हक्क. तहान माणसाची असो की जनावराची, तिचा नंबर आधी. शेतीचे पाणी त्यानंतर, आणि तेही पाळीने. आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्यांना हे नवे वाटणार नाही. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी बंधारे बांधून, फड पाडून, पाटकरी नेमून पाणी वाटण्याची फड पद्धत काही शतके चालली. दोन्हीकडे धडा एकच निघाला. कमी पाणी भांडून पुरत नाही, वाटून पुरते.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे. सप्टेंबर 1609 मध्ये स्पेनच्या राजाने व्हॅलेन्सियातल्या मोरिस्कोंना, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढण्याचे फर्मान काढले. व्हॅलेन्सियाच्या राज्यातला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस त्यात गेला. देनिया, आलिकांते, व्हॅलेन्सियाच्या बंदरांतून जहाजे भरून त्यांना उत्तर आफ्रिकेत सोडण्यात आले. त्याच फर्मानात एक कलम होते: घरे, साखरेची गुऱ्हाळे, भाताची पिके आणि पाट सांभाळण्यासाठी शंभरात सहा कुटुंबे मागे ठेवता येतील. माणूस नको होता, पण त्याचे पाण्याचे ज्ञान हवे होते.

कोरड्या नाल्याची आठवण

आता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाकडे येऊ. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही कोमट असतो. अशा वेळी उत्तरेकडून थंड हवेचा एखादा गोळा तुटून वरच्या थरात येऊन थांबतो. खाली समुद्राची वाफ, वर थंड हवा, आणि किनाऱ्यालगत डोंगर. वाफ डोंगरावर चढते आणि काही तासांत वर्षभराचा पाऊस ओतते. तिथले लोक याला 'गोता फ्रिया', म्हणजे 'थंड थेंब' म्हणतात.

हे पाणी ज्या नाल्यांतून उतरते त्यांना 'राम्ब्ला' म्हणतात. अरबी 'रम्ल' म्हणजे वाळू. वर्षातले बहुतेक दिवस नाला म्हणजे नुसती वाळू. मुले त्यात खेळतात, लोक गाड्या उभ्या करतात. दहा-वीस वर्षे पाणी आले नाही की काठावर घरे उभी राहतात, मग दुकाने, मग तळघरातले पार्किंग.

14 ऑक्टोबर 1957 ला तुरियाने व्हॅलेन्सिया शहर बुडवले. किमान 81 माणसे गेली. त्यानंतर सरकारने नदीच वळवली. शहराच्या दक्षिणेने तिच्यासाठी नवे रुंद पात्र खोदले. जुन्या पात्रात आज शहराच्या मधून जाणारी लांबलचक बाग आहे. शहर सुरक्षित झाले. पण नव्या पात्राच्या पलीकडे, पोयो नावाच्या नाल्याच्या काठी, पायपोर्ता, कातारोखा यांसारखी गावे वाढत गेली.

29 ऑक्टोबर 2024 ला डोंगराकडच्या तुरीस गावात एका दिवसात 771 मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला 184 मिलिमीटर एका तासात. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. वर्षाला सुमारे पाच पट पाऊस झेलणाऱ्या मुंबईची त्या दिवशी काय अवस्था झाली हे आपल्याला आठवते. इथे तर जमीनच कोरडी, कडक. पोयो नाला फुटला. पायपोर्तात पाऊस नावालाच होता. पाणी वरून, उन्हाळलेल्या वाळूच्या वाटेने आले. कित्येक जण गाडी वाचवायला तळघरात उतरले आणि परत आले नाहीत. व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसे मरण पावली.

हवामान खात्याने सकाळी साडेसातच्या सुमारासच लाल इशारा दिला होता. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने त्या दिवशीचे वर्ग बंद ठेवले. लोकांच्या मोबाइलवर सरकारी सूचना मात्र रात्री 8 वाजून 11 मिनिटांनी वाजली. तोवर गावे पाण्याखाली गेली होती. पुढच्या दिवसांत व्हॅलेन्सिया शहरातून हजारो तरुण हातात झाडू, फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नव्या पात्रावरचा पूल पायी ओलांडून त्या गावांत चिखल काढायला गेले. त्या पुलाला लोक आता एकजुटीचा पूल म्हणतात.

आपल्यासाठी काय

पाण्याचा हिशेब दोन बाजूंचा असतो. कमी पडते तेव्हा वाटून घ्यायचे, ही एक बाजू. ती त्या मुलखाने हजार वर्षे सांभाळली. जास्त येते तेव्हा त्याची वाट मोकळी ठेवायची, ही दुसरी. ती मधल्या काळात विसरली गेली, आणि विसरायला ऊनच कारणीभूत झाले. तीनशे दिवस आकाश निळे असले की उरलेल्या दिवसांचा विचार कोण करतो? जाहिरातींनी ऊन विकले, बिल्डरांनी काठ विकला. वाळूच्या नाल्याला वाळूचेच नाव देऊन ठेवणाऱ्या जुन्या माणसांचे मात्र कुणी ऐकले नाही.

आपल्याकडे ऊन नाही, पाऊसच मोसम ठरवतो. तरीही तीच चूक आपल्या गावांत दिसते. पऱ्यावर स्लॅब टाकून दुकाने काढली जातात, ओढ्याची जागा बिनशेती होते. जुलै 2021 मध्ये चिपळूणने वाशिष्ठीचे पाणी घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाहिले.

म्हणून या पावसाळ्याआधी एक काम करावे. घरातल्या नाना-नानी, दादा-दादींजवळ बसावे आणि विचारावे: आपल्या मोहल्ल्यातून पूर्वी कुठला पऱ्या वाहत होता? सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते? ते वहीत लिहून ठेवावे आणि मुलांना ती पायरी दाखवावी. मशिदीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीत एकदा हा विषय काढावा: इशारा आला तर वृद्धांना कोण आणणार, गाड्या आधी कुठे हलवणार, कुणाच्या घराचा वरचा मजला सर्वांसाठी उघडा राहणार. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आठ शेतकरी दाराशी बसून हजार वर्षे पाणी वाटू शकतात, तर एका मोहल्ल्याला एवढे ठरवणे नक्कीच जमेल.